ग्रहण, विळी आणि आईचा अपराध

इ. स. २०२५ च्या जानेवारीअखेर बुलढाणें येथील सरकारी स्त्री-रुग्णालयांत एका गर्भवती स्त्रीची सोनोग्राफी चालली असतां, तिच्या उदरांतील बाळाच्या उदरांत गर्भासारखें आणखी कांहीं आहे असें डॉक्टरांच्या ध्यानांत आलें. फेब्रुवारींत बाळ जन्मलें, त्यास अमरावतीस नेण्यांत आलें, आणि तेथील रुग्णालयांत शस्त्रक्रिया होऊन त्याच्या उदरांतून दोन अपूर्ण गर्भ काढण्यांत आले. 'बाळाच्या पोटांत बाळ' अशा मथळ्याखालीं ही हकीकत देशभर गेली. डॉक्टरांनीं केलेलें काम कौतुकास पात्र होतें व तें कौतुक झालेंही. परंतु आमच्या कानांवर त्या कौतुकापेक्षां एक प्रश्नच अधिक वेळां आला, आणि त्या प्रश्नासाठींच हा लेख आहे.

मलकापुराहून नांदुऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वडनेर भोलजी हें आमचें गांव. त्या दिवसांत तेथें एका ओसरीवर बसलों असतां ही बातमी निघाली, आणि एक वृद्ध बाई सहज बोलून गेली, "गिऱ्हानात काही चिरलं असंन तिनं." बाई निरक्षर, तिनें आपल्या सासूकडून जें ऐकलें तेंच ती बोलली. तिच्यावर रागावण्याचें आम्हांस कारण दिसलें नाहीं. पण त्याच ओसरीवर शहरांतून आलेले एक पदवीधर गृहस्थ होते. ते गंभीर चेहऱ्यानें म्हणाले, "पूर्वजांनीं सांगितलें त्यांत कांहीं तरी शास्त्र असल्याशिवाय राहणार नाहीं." बाईचें अज्ञान हें अज्ञान आहे, या गृहस्थांचें अज्ञान हें शिकून मिळविलेलें आहे. हा लेख त्यांच्यासाठीं आहे, आणि असे गृहस्थ या मासिकाच्या वाचकांत अगदींच नसतील असें आम्हांस वाटत नाहीं.

त्या बातमींतल्या बाळाची गोष्ट आधीं निकालांत काढूं. एकाच बीजांडापासून होणाऱ्या जुळ्यांपैकीं एक गर्भ अगदीं आरंभींच्या दिवसांत दुसऱ्याच्या शरीरांत वेढला जातो व तेथें अर्धवट वाढतो, असें या घटनेचें सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. पांच लाख जन्मांत असा प्रकार एखादा, असा अंदाज सांगतात. हा गर्भ बहुधा उदराच्या मागील भिंतीशीं असतो. बाळाच्या जठराशीं किंवा आंतड्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. पण मराठींत आपण जठरास पोट म्हणतों, उदरास पोट म्हणतों, गर्भाशयासही पोटच म्हणतों. पोटुशी बाई, पोटचा गोळा आणि पोटापाण्याचा धंदा हीं सारीं एकाच कोठारांत नांदतात. भाषेस तें शोभून दिसतें. विचारास मात्र त्याची किंमत द्यावी लागते. कारण एकदां आईनें खाल्लेलें अन्न आणि बाळ हीं एकाच पिशवींत आहेत असें मनानें घेतलें, कीं विळीचें पातेंही त्या पिशवींत शिरावयास वेळ लागत नाहीं.

आमच्या नात्यांतील एका मुलीस कांहीं वर्षांपूर्वीं पहिला मुलगा झाला. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्याचें पोट नगाऱ्यासारखें फुगलें व हिरवी ओकारी झाली, तेव्हां कोणीं तरी दुपटें सोडून नीट पाहिलें. शौचाच्या जागीं द्वारच नव्हतें. जन्मल्या क्षणीं जें डोळ्यांनीं दिसलें असतें, तें पाहण्यास दीड दिवस लागला. मूल मोठ्या शहरांतील शस्त्रवैद्यांच्या हातीं वांचलें, तीन शस्त्रक्रिया झाल्या, आज तें शाळेंत जातें. आईची सुटका मात्र झाली नाहीं. सहाव्या महिन्यांत ग्रहण होतें आणि त्या वेळांत हिनें कांदा चिरला, हें कोणास तरी आठवलें. हा कांदा त्या घरांत अजून शिळा झालेला नाहीं. ग्रहण आलें कीं ती बाई आजही दार लावून, हात मांडीवर ठेवून बसते. आतां तर ती गर्भवतीही नसते.

आतां तो कांदा चिरला गेला त्याच्या किती तरी आधीं त्या मुलाच्या उदरांत काय काय होऊन गेलें होतें, तें सांगतों. पुढील आठवडे गर्भधारणेपासून मोजले आहेत. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून त्यांच्या हिशेबांत दोन आठवडे अधिक येतात.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गर्भ म्हणजे तीन थरांची एक चपटी चकती असते. लांबी दोन मिलिमीटरांच्या आसपास. तिला तोंड नाहीं, पोट नाहीं, आंत-बाहेर हा भेदही नाहीं. चवथ्या आठवड्यांत ती दोन्ही टोकांनीं आणि दोन्ही कडांनीं खालीं वळूं लागते. करंजीची पारी मिटतांना कडा जशा जवळ येतात तशा त्या येतात, आणि सर्वांत खालचा थर आंत कोंडला जाऊन त्याची नळी होते. हाच आपला पचनमार्ग. पुढें आयुष्यभर ज्याच्यासाठीं माणूस राबतो, त्याचा आरंभ एका सपाट पापुद्र्याच्या घडींत आहे. ही नळी दोन्ही टोकांस पातळ पडद्यांनीं बंद असते. तोंडाकडील पडदा चवथ्या आठवड्यांतच फाटतो. दुसऱ्या टोकाची गोष्ट पुढें येईल.

हें कोणा ऋषीनें ध्यानांत पाहिलेलें नाहीं, आणि युरोपांतील पंडितांसही तें सुखासुखी पटलें नाहीं. अठराव्या शतकांत तिकडील मोठमोठे विद्वान असें मानीत कीं, बीजामध्येंच सर्व अवयवांनिशी चिमुकला माणूस तयार असतो व तो नुसता फुगत जातो. कास्पार फ्रीड्रिख वोल्फ या जर्मन संशोधकानें कोंबडीच्या अंड्यांत दिवसेंदिवस पाहून दाखविलें कीं, पिलाचें आंतडें मुळांत आंतडें नसतेंच. एक सपाट पान असतें, तें दुमडतें आणि मग नळी होते. त्याचा हा लॅटिन प्रबंध १७६८-६९ मध्यें सेंट पीटर्सबर्ग येथें प्रसिद्ध झाला आणि पुष्कळ वर्षें धूळ खात पडला; १८१२ मध्यें योहान फ्रीड्रिख मेकेल यानें त्याचें जर्मन भाषांतर केलें तेव्हां त्याचें मोल कळलें. बीजांत माणूस तयार असतो या मतास आंतड्यानें असा तडाखा दिला. अवयव घडतो, तो आधींपासून नसतो. आणि जें घडतें त्यास घडण्याची एक वेळ असते. आमचा सारा वाद या शेवटच्या वाक्यावर उभा आहे.

त्या वेळा पाहूं. चवथ्या आठवड्यांतच नळीच्या वरच्या भागाला पुढून एक कोंब फुटतो, तो फुप्फुसांचा. श्वासनलिका व अन्ननलिका यांची वांटणी येथें व्हावयाची असते. ती बिघडली तर अन्ननलिका मध्येंच बंद होते आणि जन्मतःच बाळाच्या तोंडास फेस येतो. याच आठवड्यांत जठर एखाद्या चातीसारखें फुगूं लागतें, व पुढें स्वतःभोंवतीं एक काटकोन फिरतें. यकृताचा अंकुरही याच सुमाराचा. पांचव्या-सहाव्या आठवड्यांत जठराखालील आंतड्याची पोकळी पेशींनीं भरून जाते, आणि आठव्याच्या अखेरीस ती पुन्हां मोकळी होते. न झाली तर तेथें अडथळा राहतो.

पण खरी मौज मधल्या आंतड्याची आहे. तें इतक्या वेगानें लांबतें, आणि यकृत इतकें पसरतें, कीं उदरांत जागा पुरत नाहीं. घरांत पाहुणे फार झाले म्हणजे मुलांनीं ओसरीवर निजावें, त्याप्रमाणें हें आंतडें सहाव्या आठवड्यांत बेंबीच्या नाळेंत बाहेर जाऊन राहतें. तुमचें आमचें, सर्वांचें आंतडें असें महिनाभर घराबाहेर होतें. तेथें तें घड्याळाच्या कांट्याच्या उलट एक काटकोन वळतें, आणि दहाव्या आठवड्यांत परत येतांना आणखी दोन काटकोन. म्हणजे एकूण २७० अंश. असें वळण घेतलें म्हणूनच मोठें आंतडें लहान आंतड्याभोंवतीं चौकटीसारखें बसतें. बाहेरचें आंतडें परत आलेंच नाहीं, तर मूल बेंबीशीं आंतड्याची पिशवी घेऊन जन्मतें. परत आलें पण वळण अपुरें राहिलें, तर पुढें कधीं तरी त्यास पीळ पडण्याची भीति राहते. उलट, बेंबीशीं असलेल्या जुन्या संबंधाची एखादी आठवण आंतड्यावर लहानशा पिशवीच्या रूपानें राहून गेली, तर बहुधा कांहींच बिघडत नाहीं. शंभरांत दोघांस ती असते, व तिला वर सांगितलेल्या मेकेलचें नांव आहे. हें वाचणाऱ्यांपैकीं कित्येकांस ती असेल. त्यांच्या मातोश्रींनीं काय चिरलें होतें याची चौकशी कोणीं केल्याचें ऐकिवांत नाहीं.

राहिलें खालचें टोक. तेथें आरंभीं मूत्रमार्गास व मलमार्गास मिळून एकच कोठडी असते. मधून एक पडदा उतरत येतो व सातव्या आठवड्याच्या सुमारास तिचे दोन भाग करतो. त्यानंतर, आठवा आठवडा संपावयाच्या सुमारास, बाहेरचें आवरण फाटून द्वार मोकळें होतें. ही वांटणी पुरी झाली नाहीं, तर आमच्या नात्यांतील मुलासारखें मूल जन्मतें. सुमारें पांच हजार जन्मांत एक, हें त्याचें प्रमाण. याखेरीज आंतड्यास हालचाल देणाऱ्या मज्जापेशी मानेच्या बाजूनें निघून नळीच्या कडेकडेनें शेवटापर्यंत चालत जातात. त्यांची ही वारी बाराव्या आठवड्याच्या आंत पुरी होते. मध्येंच थांबली तर खालचें आंतडें हालत नाहीं व मूल जन्मतांच मळ अडकतो.

म्हणजे सहा-सात आठवड्यांचा हा सारा संसार. तो उरकतो तेव्हां गर्भ तुमच्या अंगठ्याहून फारसा मोठा नसतो. आणि आपल्याकडील रीत अशी कीं, तीन महिने भरल्यावांचून दिवस गेल्याचें कोणास सांगूं नये! ज्या वेळीं वार्ता शेजारीं पोंचते, त्या वेळीं बाळाचें आंतडें घरीं परतून स्थिर झालेलें असतें. डोहाळजेवण सातव्या महिन्यांत. ग्रहणाचे निर्बंध, काळा दोरा, सुई न घेणें, हें सारें ज्या पोट दिसूं लागलेल्या बाईवर लादलें जातें, तिच्या बाळाच्या उदरांतील रचना संपून महिने झालेले असतात. पुढचें काम वाढीचें. बाळ गर्भजल गिळावयास शिकतें, पुढें दिवसाकाठीं अर्धा लिटर व त्याहूनही अधिक गिळतें, आणि त्यांतून राहिलेला काळसर हिरवा मळ आंतड्यांत सांठवितें. सहाव्या महिन्यांतल्या कांद्यानें आठव्या आठवड्यांतला दरवाजा बंद होणें म्हणजे आज दगड मारला म्हणून गेल्या वर्षीं कांच फुटणें होय.

एक अपवाद सांगितला पाहिजे. लहान आंतड्याचे कांहीं अडथळे पुढील महिन्यांत त्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्यानेंही होतात. खरें आहे. पण ती रक्तवाहिनी आईच्या हातांतील विळीनें तुटत नाहीं, किंवा चंद्रावर पृथ्वीची सावली पडल्यानेंही तुटत नाहीं. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीं, भाद्रपदी पौर्णिमेस, खग्रास चंद्रग्रहण झालें. तें भारतांत सर्वत्र होतें. त्या रात्रीं पृथ्वीच्या त्या अर्ध्या भागावर लक्षावधि गर्भवती बायका स्वयंपाक करीत होत्या, शिवीत होत्या, झोंपल्या होत्या. ग्रहणांत शास्त्र आहे म्हणणाऱ्यांनीं त्यांच्या बाळांची यादी करून दाखवावी.

आतां पूर्वजांकडे वळूं, कारण आमच्या पदवीधर मित्रांनीं त्यांचें नांव घेतलें आहे; घेतलें आहे, वाचलेलें नाहीं. गर्भांत प्रथम काय उत्पन्न होतें, हा प्रश्न चरकसंहितेच्या शारीरस्थानांत चर्चेस घेतलेला आहे. कोणी म्हणतो मस्तक, कोणी हृदय, कोणी नाभि. भद्रशौनक म्हणतो पक्वाशय व गुद. मारीचि काश्यप म्हणतो, हें प्रत्यक्ष दिसत नाहीं, म्हणून अचिंत्य आहे. आणि शेवटीं धन्वंतरीचें मत येतें कीं सर्व अंगें एकदमच होतात. सुश्रुतांतही असाच वाद आहे. हें मत आज टिकत नाहीं, हें वर सांगितलेल्या क्रमावरून उघड आहे. पण पहा, त्या सभेंत सात-आठ मतें मांडलीं गेलीं आणि 'मला दिसत नाहीं' असें म्हणणाऱ्यासही आसन होतें. आमच्या ओसरीवर एकच मत होतें व त्यास कोणी विरोध केला नाहीं. पूर्वजांचा वारसा सांगणाऱ्यांनीं निदान त्यांची वाद करण्याची रीत तरी घ्यावी.

चरकानें जठर, लहान-मोठीं आंतडीं, गुद, यकृत हे सर्व अवयव मातृज, म्हणजे आईकडून आलेले, मानले आहेत. यावर बोट ठेवून कोणी म्हणेल, पहा, पोटाचा दोष आईचाच! पण याच वैद्यकांत गर्भिणीच्या इच्छेस दौहृद म्हटलें आहे, ज्यापासून आपले डोहाळे आले. आणि सुश्रुत सांगतो कीं, हे डोहाळे अव्हेरले तर कुबडें, लुळें, पांगळें किंवा नेत्रहीन मूल जन्मतें. वैद्यक म्हणून हेंही चूक आहे. परंतु अपराधी कोण ठरविला आहे? डोहाळे पुरविणें हें घराचें काम. तेव्हां व्यंगाचा जाब घरानें द्यावयाचा. प्राचीनांच्या चुकींतही आईविषयीं दया आहे. आपण त्यांच्या चुकीतून दया तेवढी गाळली, व चूक जपून ठेविली. आणि पित्याविषयीं तर बोलावयासच नको: मूल काळें-गोरें, हुशार झालें तर बापावर गेलें, व्यंग घेऊन आलें तर आईनें ग्रहण पाळलें नाहीं.

हें खूळ केवळ आपलेंच आहे असेंही नव्हे. इंग्लंडांत १७२६ सालीं मेरी टॉफ्ट नांवाच्या बाईनें आपण ससे प्रसवल्याची बतावणी केली, व गरोदरपणीं सशाचा ध्यास लागल्याचें कारण सांगितलें, तेव्हां राजाच्या शस्त्रवैद्यापर्यंत लोकांनीं तें खरें मानलें. पुढच्याच वर्षीं जेम्स ब्लोंडेल या वैद्यानें, आईच्या कल्पनेनें गर्भ बिघडतो या समजुतीवर एक सबंध पुस्तक लिहून तिचा समाचार घेतला. त्यास तीनशें वर्षें होत आलीं. आपल्याकडे आज गर्भसंस्काराच्या नांवाखालीं पैसे घेऊन वर्ग चालतात आणि त्यांत शिकलेल्या मुली वह्या घेऊन बसतात. मन प्रसन्न ठेवा, चांगलें वाचा, यास आमची हरकत नाहीं. प्रसन्नता कोणाची वाईट झाली आहे? पण जो वर्ग म्हणतो कीं तुझ्या चिंतनानें बाळ घडतें, तो हेंही न बोलतां सांगतो कीं बाळ बिघडलें तर तुझ्याच चिंतनानें. कांदा गेला व चिंतन आलें. आरोपीच्या पिंजऱ्यांत बाई तीच.

मग आईच्या वागण्याचा गर्भावर कांहींच परिणाम नाहीं काय? आहे. मिश्री व तंबाखू, दारू, ताब्यांत न ठेविलेला मधुमेह, मनानें घेतलेलीं औषधें यांचा आहे. थॅलिडोमाइड या झोंपेच्या औषधानें १९५७ ते १९६१ या काळांत हजारों मुलांचें जें झालें तें जगास ठाऊक आहे, आणि तेथेंही घात झाला तो गर्भधारणेनंतरच्या चवथ्या-पांचव्या आठवड्याच्या आगेमागेंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयानें १९९३ पासून जवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला, त्यांत हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध खाणाऱ्यांचीं बाळें वजनानें सरस निघालीं. पालेभाजी आली म्हणजे ती कोणीं तरी चिरलीही असेल! पण पचनमार्गाच्या बहुतेक जन्मजात दोषांचें नेमकें कारण डॉक्टरांसही सांगतां येत नाहीं. जेथें वैद्य थांबतो तेथें सासूनें निकाल द्यावा, हा न्याय कोणत्या दरबारचा?

याच जिल्ह्यांत २०११ च्या शिरगणतींत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें मुली ८५५ होत्या. सोनोग्राफीचें यंत्र आम्हांस पूर्वींच ठाऊक होतें. तें कशासाठीं, हें या आंकड्यावरून दिसतें. त्याच यंत्रानें पांचव्या महिन्यांत आंतड्याची पिशवी नाळेशीं बाहेर राहिली आहे कीं काय, हें पाहतां येतें, आणि प्रसूति कोठें करावी हें आधीं ठरवितां येतें. फेब्रुवारी २०१३ मध्यें पालघर येथून बालकांच्या तपासणीची जी राष्ट्रीय योजना सुरू झाली, तिच्या जन्मजात दोषांच्या मूळ यादींत फाटलेला ओठ व टाळू आहेत, वांकडीं पाउलें आहेत, हृदय आहे. आंतडें व गुदद्वार यांचें नांव नाहीं. त्याबद्दल ओरड करावी तर सुशिक्षितांनींच करावी. बुलढाण्याच्या त्या बाळास अमरावती गांठावी लागली. लहान मुलांचा शस्त्रवैद्य जवळ कां नाहीं, हा प्रश्न ओसरीवर कोणीं विचारला नाहीं. आणि घरांत करावयाचें तर फार थोडें आहे. मूल जन्मतांच दुपट्यांत गुंडाळण्यापूर्वीं त्याची शौचाची जागा डोळ्यांनीं पहावी. चोवीस तासांत काळसर मळ पडला कीं नाहीं याची चौकशी करावी. तोंडास सारखा फेस येत असेल तर दूध पाजूं नये, आणि हिरवी ओकारी झाली तर दृष्ट काढीत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें. गुदद्वाराच्या दोषावर मेक्सिकोंत आल्बेर्तो पेन्या यानें १९८० मध्यें जी शस्त्रक्रिया बसविली, ती आज आपल्याकडेही होते; वेळेवर पोंचलेलीं बहुतेक मुलें वांचतात.

येत्या २ ऑगस्ट २०२७ रोजीं, दिव्यांच्या अंवसेस, सूर्यग्रहण आहे. महाराष्ट्रांत तें दुपारनंतर खंडग्रास दिसावयाचें आहे. वडनेरास त्या दिवशीं जी कोणी सातव्या महिन्यांत असेल तिला विळीस हात लावूं देणार नाहींत, हें आम्ही आजच सांगतों. तिच्या बाळाचें आंतडें त्याच्या जवळजवळ चार महिने आधीं, गुढीपाडव्याच्या सुमारासच, घरीं परतलेलें असेल.